ताईची अर्धी साक्ष

पण मले एवढं सांगा हबीबचाचा — जे माणूस मरून राह्यलं, ज्याले ठाऊक हाय का आपण मरून राह्यलो, त्याले आनंद कायचा? पाळकसाहेबाले इचारलं, त्यायनं माह्या खांद्यावर हात ठेवला. अकोल्याच्या डॉक्टरले इचारलं, तो म्हणे पुढचा पेशंट पाठवा. आता तुम्ही बी दगडाकडेच पाहून राह्यले. असू द्या. कोराची मशीन बंद केली, तेवढं बरं केलं. मी काय म्हणतो — खडूनं लिहिलं ना अजून, कोरलं नाही ना? मंग त्यातला एक शब्द पुसा. ‘सुवर्णा शमुवेल हिवाळे’ ठेवा, तारखा ठेवा, ‘प्रभूकडे गेली’ ते बी ठेवा. ‘आनंदात’ पुसा. दगडावर काय लिहाचं ते चिठ्ठी मंडळीतल्या लोकायनं लिहून देली, मी नाही लिहिली. मी चौथीतून सुटलो, मले लिहाले काय येते. पण बहीण माही होती.

बसू का इथं? ह्या फरशीवर — हे कोणाची हाय, म्हंजे कोणाच्या नावाची? कोरीच हाय? मंग बसतो.

खामगावात तुमच्या लोकायच्या बी कबरीचे दगड तुम्हीच कोरता आन आमच्या बी, पण आमच्या आतलं तुम्हाले कसं ठाऊक असन, म्हणून सांगतो. आमच्या मंडळीत — चर्चमधी हो — रविवारी गाणं झालं का साक्ष असते. ज्याले वाटलं त्यानं उभं राहाचं, आन देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगाचं. कोणी सांगते पोराले नोकरी लागली, कोणी सांगते म्हैस हरवली होती ते सापडली. मंग सगळे आमेन म्हणतात. तं ताई उभी राह्यली. पोटातला गोटा आता काढता येत नाही, घरी घेऊन जा, असं डॉक्टरनं सांगतलं त्याच्या नंतरचाच रविवार. समोरच्या बाकाले धरून उभी. म्हणे, मी आनंदात हाय. पुढं काही बोलन, तेवढ्यात मी उठलो. माहं असंच हाय चाचा, डोक्यात आलं का तोंडात येते — कापसाच्या जिनिंगमधून तीनदा काढलं मले याच्यापायी, तीनदा परत घेतलं. म्हटलं, खोटं बोलून राह्यली. भर मंडळीत. म्हटलं, दुपारी मी जेवाले घरी येतो तं मिक्सर चालू असते आन मिक्सरात काही नसते. रिकामा मिक्सर लावून रडते ही, शेजारच्या पुष्पाबाईले ऐकू जाऊ नये म्हणून. दोन पोट्टे हसले. ताई खाली बसली. पाळकसाहेबानं घाईघाईनं दुसरं गाणं घेतलं, आन सगळे असे जोरात गायले, असे जोरात, का मी बोललोच नाही.

घरी येताना ऑटोत मी तिच्याकडे पाह्यलं नाही. तिनं माह्या शर्टाची कॉलर सरळ केली, तेवढंच.

आई-बाप गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. तिनं लग्न नाही केलं, लोकायच्या साड्यायले फॉल-पिको करून मले वाढवलं, आन तिलेच मी चार लोकात खोटी पाडली. काऊन? ते मले बी नाही सांगता येत. मले ती खुश पाह्यजे होती, बस. त्याच्यासाठी मी काय काय आणे. कुल्फी आणे. एकदा बजारातून रंगीत बत्त्यायची माळ आणली, तिच्या खाटीवर टांगली — हसली ती, खरं हसली, मी पाह्यलं ना. तिसऱ्या दिवशी माळ बंद पडली तं मी ते भिताडावर फेकून मारली. ती म्हणे, राजू, बत्तीचं काय चुकलं? अशी बोले. दुखून राह्यलं असे तरी अशीच बोले. मले राग ये त्याचाच.

मंग तिचं उठणं बंद झालं. एक दिवस म्हणे, माही साक्ष अर्धीच राह्यली. तू मधातच उठला, आता तूच जाऊन पुरी कर. रागानं नाही म्हटलं हो, दुकानातून दोरा घेऊन ये म्हणते ना, तसं. आन चार दिवस पाठ करून घेतली माह्याकून. एक शब्द चुकला का पहिल्यापासून.

येते मले अजून. ऐका. — ‘माहा भाऊ खरं बोलला. मले रडू येते. पोट दुखते तेव्हा येते, आन माह्या मागं याच्या भाकरी कोण टाकन, त्यानं बी येते. मी खुश नाही. खुशी मले लय वेळा भेटली, दर वेळा उठून गेली. पण मले रडू येते तेव्हा प्रभू माह्या खाटीपाशी बसून असते, माहा भाऊ बसते तसा, काही न बोलता. तो उठून जात नाही. त्याले मी आनंद म्हटलं. दुसरा शब्द मले येत नाही.’

एवढंच हाय. जास्त नाही.

रविवारी धुतलेला शर्ट घालून निघालो. मंडळीच्या फाटकापर्यंत गेलो बी. आत गाणं चालू होतं, तेच ते जोरात — आन आत ते सगळे लोक, ते दोन पोट्टे. मी वळलो. बसस्टँडवर जाऊन बसलो चाचा. शेगावच्या दोन गाड्या गेल्या, बुलडाण्याची एक गेली. उपासना सुटाची वेळ झाली तसा उठलो. रिकाम्या हातानं घरी कसं जाचं, म्हणून भजे घेतले.

नाही, कोणालेच नाही सांगतलं. पाळकसाहेबाले बी नाही. तिची साक्ष पुरी ऐकणारे तुम्हीच पहिले. — असं काय पाहून राह्यले?

राहू द्या मंग. पुसू नका तो शब्द. तिचा हाय, मी कोण पुसणारा.

घरात आलो तं जागीच होती. म्हणे, सांगतलं? म्हटलं, हाव. म्हणे, पुरं? म्हटलं, पुरं सांगतलं ताई, उभं राहून, सगळे आमेन म्हणले. तिनं माह्या हातातल्या पुडीकडे पाह्यलं. मंडळीतून सरळ घरी येणारा माणूस गरम भजे कुठून आणते? तिले काय समजलं नसन? आई-बाप गेल्यापासून सोळा वर्ष मले पाहून राह्यली होती ते. आठ दिवसापासून तोंडात घास नव्हता तिच्या, पण एक भजं उचललं, अर्धं खाल्लं. म्हणे, बरं केलं राजू. बस आता इथं. बसलो. मंगळवारी गेली. शेवटलं म्हणून मी तिले तेवढंच देलं — अर्धं भजं, आन ते खोटं.

लावा मशीन चाचा. नाही, कोराची घाई नाही मले. नुसती लावा, रिकामीच.