धुराचा ढोल

—न्हाय न्हाय पाव्हणं, चपला घालू नका, चा टाकलाय मी, घोटभर घेतल्याबिगर सोडत असते व्हय? व्याही म्हंजे काय वाटंवरचा माणूस हाय का? बसा असं घोंगड्यावर. जुळे सोलापुरासनं फटफटीवर आलाय, पाठ आखडली असंल. आन् तुमचं म्हणणं ऐकलं मी — उसाचं पाचट पेटवणारा जोतिराम त्या वाडीत हाय तवर माझी नात तिकडं पाठवणार न्हाय. ऐकलं. पर ऋतुजा माझीबी नातच हाय की! वरीस झालं, तिच्या आईला अन् तिला तुमी माहेरी ठिवून घेतलंय. माझा युवराज दर रविवारी तुमच्याकडं दूध घिऊन येतो, बायकोपोरीला बघतो, अन् सोमवारी हितं कुणासंगं बोलत न्हाय. तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाय हां. सहा वर्साची पोर धुरानं निळी पडली, चार दिस नाकाला नळी — तुमी उशाला बसून हुता. मी आज्जी असून मला दवाखान्यात तोंड वर करून बघवंना. पर आता वाडी डोळ्यानं बघा, मग काय ते ठरवा.

त्या माळाकडं बघा — गवताच्या अल्याड काळी पट्टी दिसती का? नांगरलीया ती. दहा फूट रुंद, समद्या वाडीला वळसा घालून. आग तितवर आली की पुढं खायला काय घावत न्हाय तिला, बसती गप. कुणी नांगरली? जोतिरामानं! नांगराचा पयला तास त्यानं मारला. अन् ढोलाची कल्पना कुणाची? त्याचीच. बिरोबाचा ढोल हो — एरवी जत्रंला वाजायचा, बाकी वरीसभर देवळात टांगलेला, हात लावायची टाप न्हवती कुणाची. हा म्हणला, माळावर धूर दिसला की ढोल वाजवू. पुजारी उसळला — देवाचा ढोल हाय, बंबाची गाडी न्हाय! मग काय करता? लावला की कौल. समदी वाडी देवळात दम धरून उभी, पुजाऱ्यानं देवाला दोन फुलं चिकटवली, आन् पडलं की उजवं! पुजारीच आता समद्यांच्या आधी पळतोय ढोलाकडं.

हसताय काय, खरं सांगते. पयल्यांदा ढोल वाजला तवा काय मजा झाली — पुरुष ओली गोणपाटं अन् लिंबाच्या फांद्या घिऊन निघाले, ही जगदेवी, शेजारीण माझी, भरली घागर घिऊन त्यांच्याबी म्होरं — अन् जाऊन बघत्यात तर कडब्याच्या गंजीआड महिपती बिडी वढत बसलेला! जगदेवीनं काय इचारपूस केली न्हाय, घागर त्याच्या डोस्क्यावर रिकामी. तवापासनं त्यानं बिडी सोडली. बायको नवस फेडून आली.

आन् आमी बायका काय करतो म्हणाल तर — ढोल ऐकला की पोरं अन् म्हातारी माणसं उचलायची, शाळंच्या मधल्या खोलीत न्यायची. खिडक्यांच्या फटीला चिंध्या, दाराला ओली चादर. खोकणाऱ्या माणसाला चुलीम्होरं बसवायचं न्हाय, त्याच्या घरी भाकरी शेजारणीनं द्यायची. उसाचं पाचट कुणी पेटवत न्हाय आता, सरीतच कुजवत्यात. औंदा तीनदा आग लागली माळाला, एकदाबी धूर उंबऱ्याच्या आत आला न्हाय. तितं शाळंत फळीवर ऋतुजाचा पंप ठिवलाय, तोंडात मारायचा, नाव लिवून. दर म्हैन्याला तारीख बघते मी — म्हंजे वाचता येत न्हाय, मास्तरांकडनं वाचून घेते. पोरगी हितं न्हाय, पर पंप ताजा हाय.

पुन्हा जोतिराम! अवो, का त्याच्या मागं लागलाय? त्याच्या पाचटानं पेट घेतला, धूर तितनं आला, समदं खरं. पर पाचट काय आपल्याआप पेटतंय? त्यानं बिरोबाच्या पायरीवर हात ठिवून सांगितलं, मी लावली न्हाय, तरी कुणी ऐकलं न्हाय त्याचं. आग बांधाकडनं आली त्याच्यात. मी आपली दरवर्सी करत्यात तसं — बांध जाळला की शेरडांस्नी कवळं गवत येतंय, माझ्या सासूनंबी जाळला, तिच्या सासूनंबी जाळला — सकाळच्या पारी वारा पडलेला असतोय, म्हणलं एवढा कोपरा जाळून घ्यावा अन् मग न्याहारी — त्यो मेला वारा असा फिरला की —

काय? मी कुटं काय म्हणलं? मी बांधाचं बोलत हुते. दरवर्सीचं. समद्यांचंच. ...चा उतू गेला वाटतं.

न्हाय गेला उतू. चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात ते काय खोटं न्हाय पाव्हणं. बसा, उठू नका. आता निघालंच हाय तोंडातनं तर समदं ऐका. मीच लावली काडी. ह्या हातानं. पदरानं आग झोडपली, विझंना, तवा घाबरून घराकडं पळाले अन् गपगार चुलीम्होरं बसले. मग वाडीत वरडा झाला, जोतिरामाचं पाचट, जोतिरामाचं पाचट — अन् मी म्हणलं, व्हय का? एवढंच म्हणलं. लई लाज वाटती हो. त्या माणसाला लोकांनी चार म्हैने पाण्याला हाक मारली न्हाय, अन् त्यानंच समद्या वाडीला पट्टी घातली. मी त्याच्या घरी कालवण दिऊन येते, अन् त्यो मला म्हणतो, चिमाबाय, तूच एक माणसावाणी वागतीस!

तर तुमची अट बदला आता. जोतिरामाचं नाव काढा अन् माझं घाला. चिमाबाई त्या घरात हाय तवर पोरगी न्हाय — असं म्हणा. मी जाते की वैरागला भावाकडं, गठुडं बांधायला कितीसा येळ लागतोय? चार शेरडं अन् मी. युवराजाला त्याची लेक मिळू द्या. खरंच सांगते, ठसक्यानं न्हाय.

फोन कुणाला लावताय? रेश्माला? सांगा. सांगा की, तुमची लेक हाय, तिला कळाय पायजे. न्हाय — द्या हिकडं. मीच सांगते. कुटनं बोलायचं ह्यात? हितनं? ...हालू. रेश्मा? व्हय, मीच. तुझं वडील हितंच हायत. जेवली का पोरगी? ...बाई, तुला एक सांगायचंय. गेल्या वर्सीची ती आग — जोतिरामाची न्हवती गं. बांधाला काडी मी —

...काय?

...तुला ठावं हाय? कवापासनं? ...अगं पर मी ते लुगडं पेटीच्या तळाला... तू काढलंवतंस? जळका पदर तू बघितला हुतास, तवाच? आन् वडलांस्नी बी बोलली न्हाईस?

...मी सांगायची वाट बघत हुतीस. वरीसभर.

पाव्हणं, तुमी जरा भायेर जाऊन बसा. मला माझ्या सुनंसंगं बोलायचंय.