निर्माल्याच्या गाठी

सन्माननीय अध्यक्ष अण्णा, महापालिकेच्या सेवेतून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या आरोग्य निरीक्षक शालनताई, कार्यकारिणीचे सदस्य आणि बाळकुमच्या या सोसायटीतील बंधुभगिनींनो,

सचिव म्हणून निरोपाचे चार गोड शब्द बोलायला उभी आहे. पण आताच अण्णांनी जाहीर केलं, की वास येतो म्हणून आपला ओल्या कचऱ्याचा खतखड्डा उद्या बुजवायचा आणि तिथे पार्किंग करायचं. हा खड्डा ताईंनी आपल्याकडून करून घेतला. तो सांभाळणाऱ्या सगुणाबाई मागे बसल्या आहेत. खड्डा गेला की त्यांचं कामही गेलं. अशा वेळी नुसते गोड शब्द शोभतील का? की निरोपाच्या सभेत हा विषय काढणंच शोभत नाही? मला खरंच ठरवता येत नाही. तरी बोलते.

परवा ताईंनी खड्डा उकरायला लावला. देठं, सालं यांची केव्हाच माती झाली होती. वास मारत होत्या त्या घट्ट गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. आत झेंडू, दूर्वा, बेल. देवाची फुलं खरकट्याला लागू नयेत म्हणून आपण ती पिशवीत बांधतो, आणि टाकतो त्याच डब्यात!

अण्णा तेव्हा म्हणाले, “देवाची फुला खरकट्यान टाकाची कशी गो ताय?”

ताई म्हणाल्या, “आणि पिशवीत कोंडून सडवली की देव खूश? फुलं सुटी करून द्या अण्णा, खत तुमच्याच तुळशीला घालू.”

“आता देवालाही दंड लावणार वाटतं!” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, अण्णा सोडून.

पिशव्या कोणाच्या, ते विचारू नका. माझ्या घरची एकही नव्हती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अण्णा, वास खड्ड्याचा की गाठींचा? निर्माल्याला वेगळी टोपली ठेवू. तरीही वास आला, तर बुजवा असं मीच म्हणेन. ताईंना शाल देण्याआधी एवढं मान्य कराल?

सगुणाबाई, उठू नका हो, बसा.

काय म्हणालात अण्णा? माइकमध्ये सांगा. “गनपती होव दे, मंग बगू”?

ताई, हसू नका. गणपतीतच निर्माल्याचा ढीग पडतो, हे मलाही कळतं. पण तोवर खड्डा राहतोय ना, मग कबूल आहे अण्णा.

ताई, तुमच्या कौतुकाच्या वेळात मी भांडण काढलं. पोटात घ्या. सगळ्यांचे आभार, कोणाला शब्द लागला असेल तर माफ करा. उद्याचं काम एकच: सकाळी खड्ड्याशी जमायचं आणि गाठी आपल्या हातांनी सोडायच्या.