बाबांची सहावी डुबकी

तुम्हाला आत्ता हसू येईल, पण त्या दिवशी सासरे हातचे गेले असंच मला वाटलं होतं. इथे जर्मनीत, येना शहराजवळ एका गुहेत जमिनीखाली तळं आहे, तिकीट काढून पोहू देतात. बाबा नाशिकहून आलेले, नवरा कामावर, म्हणून मीच त्यांना घेऊन गेले. मला पोहता येत नाही, तेव्हा मी टॉवेल धरून पायरीवर.

बाबा छातीभर पाण्यात गेले, नाक धरलं आणि खाली. वर आले, काहीतरी पुटपुटले, परत खाली. असं पाचदा. सहाव्यांदा गेले ते वर येईचनात. पाणी काळंकुट्ट, काही दिसेना. "बाबा, अहो बाबा" म्हणून मी ओरडले, तर माझाच आवाज फिरून आला. तिथल्या बाडेमायस्टरनं, म्हणजे जीवरक्षकानं, उडी मारली आणि बाबांना बखोटीला धरून वर काढलं.

बाबा भडकले. "याला सांग, मी घरच्यांच्या नावानं डुबक्या घेत होतो."

मी त्याला जर्मनमध्ये सांगितलं. त्यानं विचारलं, "आल्झो, मग शेवटची एवढी लांब का?"

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "ती हिची होती. पाण्याला घाबरते, म्हणून जरा जास्त थांबलो. आता राहिली अर्धवट."

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"उरलेली तुझी तू घ्यायची."

मी तेही त्याला सांगितलं. वाटलं, हा तरी एखादा नियम दाखवून मला वाचवेल.

त्यानं माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर."