५ जूनला नष्ट झालेला संगणक चालू असल्याबाबत

नाव सुनयना भारत डहाके, वय ३४ वर्षे, धंदा कंत्राटी संगणक चालक, कापूस-सोयाबीन उत्पादक सहकारी संस्था, राहणार खापरगाव, मंडळ जैनथ, जिल्हा आदिलाबाद. पोलिस ठाण्याचे काम तेलुगूत चालते. माझ्या विनंतीवरून जबाब मराठीत घेतला जात आहे.

मी समक्ष हजर राहून सांगते की, आज २९ जून रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, कागदोपत्री ५ जूनला शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट झालेला आमच्या संस्थेचा संगणक गावातील फकिरा यांच्या गोठ्यात चालू स्थितीत मिळून आला. तो चालू असल्याची खात्री एसआय साहेबांनी स्वतः केली. त्या वेळी संस्थेच्या सभासद प्रयागबाई, वय अंदाजे सत्तर, गव्हाणीजवळ नंबर लावून बसल्या होत्या. साहेबांनी वायर काढायला सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा ना साहेब, माहा नंबर हाये. माही पावती निघू द्या, मंग करा तुमचा पंचनामा." पावती निघाली. ती क्रमांक ६१२ असून पंचनाम्याला जोडली आहे.

संस्थेचे ६८४ सभासद आहेत. कोणी कोणत्या शेतात कापूस पेरला, कोणी सोयाबीन, याची नोंद दर जूनमध्ये करून पावती द्यावी लागते. मुदत ३० जून. पावती नसेल त्याचा माल संस्था हंगामात घेत नाही. नोंदीचे काम नऊ वर्षांपासून मी करते. फकिरा, वय ६१, संस्थेचे चौकीदार आहेत. मी त्यांना मामा म्हणते.

संस्थेने पर्यावरणपूरक संगणक का घेतला, असे साहेबांनी विचारले. ११ एप्रिलच्या सभेत मी इतिवृत्त लिहीत होते, त्यावरून सांगते. अध्यक्ष पांडुरंगराव म्हणाले, "भीमपूरकडच्या संस्थेनं घेतला. त्याइच्या दारावर हिरवी पाटी लागली. आपुन काय मांगं हाओत का?" संचालक प्रवीण म्हणाले की खरेदीदाराच्या फॉर्ममध्ये तसा एक रकाना आहे. तो रकाना खरेदीदार वाचतो का, असे मी विचारले. ते म्हणाले, "वाचत नाई, पन रिकामा दिसते." पर्यावरणाचा उल्लेख ठरावाच्या शीर्षकात आहे.

सभेनंतर मी भीमपूरकडच्या त्या संस्थेत काम करणाऱ्या रुपाताईंना फोन करून कारण विचारले. त्या म्हणाल्या, "तुमी घेऊन राह्यले असं ऐकलं, म्हून आमी घाईघाईनं घेतला ना ताई." हे मी अध्यक्षांना सांगितले. ते म्हणाले, "मंग तं आपुनच पयले," आणि तशी नोंद घ्यायला लावली. मी घेतली.

नवा संगणक चांगला आहे. जुन्याच्या पावपट वीज घेतो. वीज वाचावी म्हणून तीन मिनिटे कोणी हात लावला नाही की तो झोपतो. सभासद पिशवीतून पासबुक काढेपर्यंत तो झोपलेला असतो. तो छपरावरच्या सौर पाट्यांवर चालतो आणि ढग असले की चालत नाही. जूनमध्ये ढग असतात. खोलीची जुनी वीज तोडून टाकली, कारण तोडण्याला हिरव्या पाटीच्या प्रमाणपत्राच्या तपासणीत गुण आहेत. १ ते १२ जून या बारा दिवसांत माझ्या हातून ३१ पावत्या निघाल्या. अध्यक्ष रोज विचारत होते. १२ तारखेला म्हणाले, "नोंदी राह्यल्या तं जिम्मेदारी तुही, बाई." मी बरे म्हटले.

५ जूनला पर्यावरण दिनाचा फोटो झाल्यावर जुना संगणक न्यायला भंगार कंपनीची गाडी आली. फकिरामामांनी बांधलेले खोके आणून ठेवले. वजन साडेअकरा किलो भरले. खोके न उघडता मी विल्हेवाटीच्या कागदावर सही केली. चार दिवसांनी कंपनीचे प्रमाणपत्र आले. त्यात साडेअकरा किलो इलेक्ट्रॉनिक कचऱ्यावर शास्त्रोक्त प्रक्रिया झाल्याचे लिहिले आहे.

खोक्यात बयनाबाईंचा, म्हणजे फकिरामामांच्या घरच्या मंडळींचा, फुटलेला पाटा होता.

हे मामांनी मला १३ जूनला सांगितले. काऊन असं केलं मामा, असे मी विचारले. ते म्हणाले, "बाई, सोळा वर्सं राबला तो. बैल थकला म्हून कोनी खाटकाच्या गाडीत चढोते का? त्या गाडीवाल्यानं सोता सांगतलं मले, दाबून चुरा करतो म्हने." संगणक गोठ्यात स्टुलावर ठेवलेला, पोत्याने झाकलेला आणि दाव्याने खुंट्याला बांधलेला होता. दावे कशासाठी, असे साहेबांनी आज त्यांना विचारले. गाय धक्का देते, असे त्यांनी सांगितले.

सभासदांच्या शेतांच्या जुन्या नोंदी त्याच संगणकात होत्या. १३ तारखेपासून रोज सकाळी सहा ते नऊ मी गोठ्यात बसले. वीज फकिरामामांच्या घरची, इंटरनेट माझ्या मोबाइलचे. पावत्या खऱ्या आहेत व नोंदी संस्थेच्या यादीत आहेत. चहा बयनाबाई देत होत्या. गावाला माहीत होते. अध्यक्षांना माहीत नव्हते. २५ जूनच्या सभेत त्यांनी वाचून दाखवले की, नोंदीमागे सर्वांत कमी वीज वापरणारे कार्यालय म्हणून हिरव्या पाटीच्या प्रमाणपत्रासाठी आपले नाव पुढे आहे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

काल प्रवीण यांची गाय सुटून फकिरामामांच्या गोठ्यात गेली. तिला आणायला गेले असता त्यांना संगणक दिसला. त्यांनी अध्यक्षांना सांगितले आणि अध्यक्षांनी रागाच्या भरात मामांविरुद्ध चोरीची दरखास्त, म्हणजे लेखी तक्रार, दिली. आज अकरा वाजता अध्यक्ष ठाण्यात येऊन म्हणाले की असा संगणकच अस्तित्वात नाही, तो नष्ट झाला, प्रमाणपत्र आहे.

साहेब म्हणाले, "मंग चोरी कायची झाली?"

अध्यक्ष म्हणाले, "ते तुमी तपासा."

"दरखास्त वापस घेता का?"

"वापस घेतली तं लोक म्हनतीन, खोटी होती."

संगणक नष्ट झालेला धरला तर त्यावर निघालेल्या ५८१ पावत्या खोट्या ठरतात. नष्ट झालेला नाही असे धरले तर कंपनीचे प्रमाणपत्र खोटे ठरते. दोन्ही खरे धरता येईल का, असे अध्यक्षांनी साहेबांना दोनदा विचारले.

त्यानंतर अध्यक्ष मला बाहेर लिंबाखाली घेऊन गेले व म्हणाले, "पाट्याचं नाव काढू नोको. नष्ट झाला म्हन. एक तारखेपासून तुले पक्की करतो." मी आत येऊन जबाबाला बसले. उत्तर खालीलप्रमाणे आहे.

संगणक नष्ट झालेला नाही. खोके न पाहता सही मी केली. खरे कळल्यावर सतरा दिवस तो मी वापरला आणि कोणाला सांगितले नाही. फकिरामामांनी तो विकला नाही, लपवला नाही. विचारले असते तर दाखवला असता. ते साडेनऊपासून ठाण्याच्या बाकावर बसून आहेत. त्यांनी मला एकच विचारले, "त्याच्यावर कपडा टाकला का?" माझी चोरीबद्दल कोणावर तक्रार नाही. माझ्या सहीबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

ठाण्याचा संगणक गेल्या महिन्यात बदललेला असून जबाब सुरू होतेवेळी तो झोपला होता. म्हणून हा जबाब साहेबांच्या परवानगीने मुद्देमालाच्या संगणकावर मी स्वतः टाइप केला आहे. मुद्देमाल चालतो, हे कळल्यावर उरलेले ७२ सभासद पासबुके घेऊन ठाण्याच्या आवारात आले आहेत. हवालदार कुलदीप यांनी त्यांना नंबर दिले.

हिरव्या पाटीची तपासणी समिती उद्या अकरा वाजता संस्थेत येणार आहे. नोंदीची मुदत उद्या पाच वाजता संपते. अध्यक्ष समितीला काय सांगणार ते मला माहीत नाही. मुद्देमाल कोर्टात पाठवेपर्यंत टेबलावरच राहील व त्याची वायर काढली जाणार नाही, असे साहेबांनी सांगितले आहे.

वरील मजकूर हवालदार कुलदीप यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. खिडकीबाहेरच्या रांगेनेही तो ऐकला. पाटा फुटलेला नव्हता, नुसता टवका गेला होता, एवढी दुरुस्ती बयनाबाईंनी बाहेरून सुचवली. ती मला मान्य आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. खाली सही करून मी पावती क्रमांक ६१३ च्या कामाला लागत आहे.