फुलबॅक

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. नागपूरच्या दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत सत्यवतीबाई बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर बोट सुजलेली, हॉकीच्या गणवेशातली कॉलेजची पोरगी आणि कुहीहून आलेले तिचे मामा.

"कोणं मारली स्टिक?"

"मारली नाही, मामा. समोरच्या टीमची पोरगी गोलाकडे येऊन राहिली होती, मी आडवी गेली."

"तूच काहून?"

"मी फुलबॅक आहो. माझ्यामागं फक्त गोलकीपर."

"मंग ढकलून द्याचं तिले!"

"ढकललं का फाउल. घाईनं अंगावर गेलं, का ती चकवून जाते. तिच्या डोळ्यायकडे नाही, बॉलकडे पाहाचं, आन् तिले हळूहळू लाइनीकडे दाबत न्याचं. मंग तीच चुकते."

"गोल झाला?"

"नाही."

"बरं झालं. रविवारी तुले पाहाले पाहुणे येऊन राहिले. आता खेळ बंद."

"रविवारी फायनल आहे."

"या बोटानं?"

"बांधून खेळीन."

सत्यवतीबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत.

"आन् पाहुणे?" मामांनी विचारलं.

"त्यायले ग्राउंडवरच आणा."

"अवं प्रेमलता, तुले असं पाहून पळून जातीन ना ते!"

"जाऊ द्या. जाणाऱ्याले मी अडवत नाही, मामा. येणाऱ्याले अडवतो."