दोन माणसांपुरतं

…न्हाय गुरुजी, तुमी खोटं सांगताय असं न्हाय म्हणत म्या. नात हुशार हाय माझी, दिसतंय की. वर्गात ‘असं झालं नसतं तर काय झालं असतं’ म्हणून इचारती ना? त्येचंच भ्या वाटतं मला. हसू नका. बसा जरा, चहा येऊ द्या.

लहान लेकरू कसं, जे दिसलं तेवढंच बोलतं. तेरावं-चौदावं लागलं की काय होतं कुणाला ठाऊक — जे डोळ्यासमोर न्हाय त्येचा माग काढाय लागतं. माझ्या जाईचं तसंच झालं. धाकटी लेक माझी, ह्या पोरीची आत्या. बहात्तरच्या दुष्काळात चौदाची व्हती. ह्योच आपला तलाव खोदत व्हतो आमी, आन् म्या टोळीचा मुकादम. मुरमाची खाण भारी घावली व्हती, मऊ. खालून पोखरायचं, वरचं आपसूक ढासळायचं — काम झपाझप उरकायचं. कामावरचा सरकारी साहेब माझ्यावर खूश.

तर जाईनं वर काठाला एक भेग बघितली. आदल्या दिशी करंगळी जात न्हवती, दुसऱ्या दिशी एक बोट, तिसऱ्या दिशी दोन. मला म्हणली, ‘आबा, काठ खाली येणार.’ म्या म्हणलं, उन्हानं तडकलंय. मला वाटलं, संपलं. तर पोरगी पार पल्याडच्या कडंला गेली, जिथं खाली कुणी खोदत न्हवतं. तिथंबी भेग व्हती, तिथंबी तिनं तीन दिस बोट घालून बघितलं व्हतं. परत आली आन् म्हणली, ‘तिथली भेग वाढंना. ऊन तर दोन्हीकडं सारखंच हाय. मंजी उन्हानं न्हाय, आपण पोखरतोय म्हणून.’ सांगा गुरुजी, हे तिला कुणी शिकवलं? चौथीतनं शाळा सुटलेली पोर! म्या वरडलो तिच्यावर — मोठ्यांच्या कामात तोंड घालू नगं म्हणून. चार माणसांसमोर.

दुपारी भाकरी खाऊन माणसं पुन्ना खाली उतरली. जाईला म्या टँकरकडं पाण्याला धाडलं. आन् काठ खाली आला. दगडाबाई खाली सापडली — आपल्या कोंडिबाची मालकीण. जाईचे केस तीच इंचरायची. म्या नखं तुटंस्तवर उकरलं. निघाली, पर जीव न्हवता. साहेबानं इचारलं, आधी काय दिसलं व्हतं का? म्या म्हणलं, कुणाला काय कळणार साहेब, जमीन ती. त्यांनी तसंच लिहून घेतलं. जाई बाजूलाच उभी व्हती, डोक्यावर घागर.

आठ दिस गेले. नवव्या दिशी भाकरी थापता थापता म्हणली, ‘आबा, तुमाला माझं खरं वाटलं व्हतं.’ म्या म्हणलं, कशावरनं? मान वर न करता म्हणली, ‘खरं वाटलं नसतं तर तुमी तुमचा पटका काठाखालनं उचलून बाभळीखाली जाऊन बसला नसता. आन् मला पाण्याला धाडलं नसतं, पाणी तर अर्धी घागर व्हतं.’ तव्यावरची भाकरी उलटली, मग म्हणली, ‘मंजी दोन माणसांपुरतं तुमाला कळलं व्हतं.’

बास. एवढंच. परत कधी त्यो इषय न्हाय काढला तिनं. रडली न्हाय, भांडली न्हाय. नुस्ती बघायची. म्या जेवाय बसलो की बघायची, साहेबांशी बोललो की बघायची. म्हणून सहा महिन्यांत लगीन लावून दिलं भूमपल्याडच्या गावात — पोरगी लग्नाची झाली व्हती म्हणून… न्हाय. घरात नको झाली व्हती मला. आता खरं सांगतो. चौदा वर्सं झाली, एकदाबी माहेरला आली न्हाय.

आन् तुमी म्हणता गावात मला मान हाय. हाय की! तलाव भरला, शेताला पाणी उचलायची उपशाची सोसायटी झाली, मला चेअरमन केला. नाव कुणी सुचवलं म्हायती हाय? कोंडिबानं. उभा राहून म्हणला, माझ्या बायकोला ह्या माणसानं हातानं उकरून काढलं. टाळ्या पडल्या. तलावाच्या पाण्यावर वांगी लावतो त्यो, पैला तोडा माझ्या दारात आणून ठेवतो. कालवण होतं त्येचं. म्या खातो, गुरुजी. खावंच लागतं.

परवा ही नात म्हणली, ‘आजोबा, आत्या हितं जवळ भूमच्या बाजाराला येती, मंजी तिला येता येत न्हाय असं न्हाय. मग ती यायचं टाळती. कुणाला टाळती?’ तेराची हाय. कुणाला टाळती, म्हणली.

धाराशिवला न्या तिला, परीक्षेला बसवा, वसतिगृहात ठेवा. लई शिकू द्या. तिच्या भल्यासाठीच सांगतोय म्या… असं काय बघताय?

चहा निवला तुमचा. ऱ्हाऊ द्या. निघा आता. आन् वाटंत कोंडिबा भेटला, तर राम राम घाला आन् पुढं चला. बोलत उभं राहू नका.