जिज्ञासाचं रोजचं पान

बेलवलीच्या गिरणीत प्रगतीचा गव्हाचा डबा रांगेत होता. पुढच्या दोघी बोलत होत्या, आणि गिरणीच्या घरघरीमुळे चांगल्या मोठ्याने बोलत होत्या.

“निशा, लेकीची शाळा अजून घरीच का गं?”

“हो मावशी, दम्यामुळे. आठवीचं सगळं मीच घेते.”

“व्याकरणाला कंटाळायची ना ती?”

“आता व्याकरण आणि निबंध एकत्रच केलंय. ती रोज एक पान लिहिते, त्यातल्या चुकांवरून मी व्याकरण शिकवते.”

“बरं केलंस. लिहिते कशावर?”

“आज वर्गात काय झालं, त्यावर.”

“कुठल्या वर्गात?”

“तिच्या जुन्या. कोणी डब्यात काय आणलं, कोणाची कोणाशी कट्टी झाली. सगळं मनाचंच.”

“अगं बाई! आणि तू?”

“मी लाल पेनाने चुका तेवढ्या बघते. बाकी कशाला हात लावत नाही.”

“काल काय लिहिलं?”

“बाईंनी हजेरीत तिचं नावच घेतलं नाही. तर सगळ्या पोरी ओरडल्या, बाई, जिज्ञासा राहिली!”

गिरणी थांबली. प्रगतीने उगाच डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

“मग? किती चुका निघाल्या?”

“एकही नाही, मावशी.”